पाण्यावरची डबल बेल

लग्नात भटजी 'सावधान' म्हणतात, तो शब्द आजवर दोनच माणसांनी खरोखर मनावर घेतला. एकजण तो ऐकून बोहल्यावरून पळून गेले, ते साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दुसरे आमचे थोरले साडू. ते पळाले नाहीत. अंतरपाटासमोर उभे राहिले, अक्षता पडल्या, लग्न लागलं, आणि तेव्हापासून आजतागायत ते सावध आहेत. परभणीला आमच्या घरी आले की उंबऱ्याच्या आत पाय टाकल्याबरोबर ते आधी गॅसचं बटण बघतात, मग खिडकीच्या कड्या, मग मोरीपाशी कुणी साबण सांडून ठेवलाय का ते, आणि एवढं सगळं झाल्यावर "कसं काय सर, बरं हाय ना?" असं मला विचारतात. त्यांच्या लेखी माझ्या बरं असण्याचा प्रश्न गॅसच्या बटणानंतर येतो, आणि शांतपणे विचार केला तर ते बरोबरच आहे.

साडूभाऊ जन्मभर एसटीत कंडक्टर होते. आमची सासुरवाडी जिंतूर तालुक्यात, धरणाच्या अगदी काठावर. सासऱ्यांना दोन मुलीच. थोरली अक्का ह्यांना दिली आणि धाकटी मला. रिटायर झाल्यावर शेती बघायला कुणी नाही म्हणून साडूभाऊ अक्काला घेऊन सासुरवाडीतच राहायला आले. दुसऱ्या कुणाला गावानं घरजावई म्हणून छळून सोडलं असतं. पण ह्यांच्या वाट्याला कुणी गेलं नाही, कारण गावातला प्रत्येक माणूस कधी ना कधी त्यांच्या गाडीत उभ्यानं आलेला होता, आणि त्यांनी प्रत्येकाला कुठेतरी टेकायला जागा करून दिलेली होती. सारं गाव त्यांना कंडक्टर दाजी म्हणतं. लग्नाच्या पंगतीत ते वाढायला उभे राहिले की "पुढं सरका, मागं लय जागा हाय" असं म्हणत दोन पंगतींची माणसं एका पंगतीत बसवतात आणि कुणाच्याही मांडीला मांडी लागत नाही. ही विद्या मी जवळून पाहिली आहे, पण ती मला साधलेली नाही.

नोकरी सुटली तरी बेल सुटली नाही. मोडीत निघालेल्या कुठल्याशा गाडीची घंटी त्यांनी भंगारवाल्याकडून पैदा केली आणि स्वयंपाकघराच्या दारावर दोरी लावून टांगली. एक टोला म्हणजे थांबा, दोन टोले म्हणजे चालू द्या. जेवताना अक्का वाढायला आली की ते बसल्या जागेवरून दोरी ओढतात. पाव्हण्यांना वाटतं घरात आरती चाललीय. अक्काला मी एकदा विचारलं की ह्या घंटीचा तुम्हाला त्रास होत नाही का, तर ती म्हणाली, "ह्यांच्या तोंडापरीस घंटी बरी. ती दोनच शब्द बोलती."

मोटारसायकलवर ते माझ्या मागे बसले की गाडी मी चालवतोय हा माझा नुसता समज असतो. पाठीवर दोन थापा पडल्याशिवाय गाडी हलवायची नाही आणि एक पडली की असेल तिथे थांबायचं. एकदा देवगाव फाट्याच्या अलीकडे पाठीवर एकामागून एक थापा पडायला लागल्या. असला इशारा आमच्यात ठरलेला नव्हता. मान वळवून बघतो तर साडूभाऊ पुढच्या एका मोटारसायकलीकडे बोट दाखवत होते. तिच्यावर एक जोडपं होतं आणि बाईचा पदर मागच्या चाकाशी फडफडत होता. आम्ही त्यांचा पाठलाग सुरू केला. तो गडी आम्हाला बघून जास्तच पळायला लागला. फाट्यावर गर्दीत तो अडकला तेव्हा कुठे आम्ही त्याला गाठला, आणि तो बाह्या सरसावून आमच्याकडे यायला निघाला. साडूभाऊ त्याच्याकडे न बघता त्या बाईला म्हणाले, "बाई, पदर खोचा." तिनं पदर ओढून घेतला, तर त्याचं टोक चेनच्या तेलानं काळं झालेलं. बाई गप्प झाली, नवरा त्याहून गप्प झाला. साडूभाऊंनी त्यांच्या सीटवर दोन थापा मारल्या आणि तो गडी निघून गेला. मग माझ्या पाठीवर दोन पडल्या आणि आम्हीही निघालो.

पण साडूभाऊ पुरते कळायचे तर त्यांना देवीच्या यात्रेत बघायला हवं. चैत्रात ही यात्रा भरते आणि पालखी झाली की दिवेलागणीनंतर दारूकाम होतं. आमच्याकडे शोभेच्या दारूला दारूकामच म्हणतात. परगावच्या पाव्हण्याला "चला, दारू बघायला जाऊ" असं म्हटलं की तो आधी खूश होतो आणि काठावर गेल्यावर जरासा हिरमुसतो. पूर्वी हे दारूकाम देवळामागच्या माळावर व्हायचं. एका वर्षी एक बाण कुणाच्याशा कडब्याच्या गंजीवर उतरला आणि यात्रेकरू नारळ टाकून घागरी घेऊन धावले. तेव्हापासून ते धरणात गेलं. चैत्रात पाणी उतरलेलं असतं आणि काठापासून बरंच आत एका बुडीत टेकडीचं डोकं वर येतं. दारूवाले उजेड असताना तिथे सामान नेऊन ठेवतात. चारी बाजूंनी पाणी, जळायला काही नाही, म्हणून सगळे निर्धास्त झाले.

आता पाण्यावर गंजी नसली तरी माणसं असतात, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. काठाला बाभळींची इतकी गर्दी आहे की तिथून टेकडी धड दिसत नाही. वरच्या माळावर चढावं तर खांद्याला खांदा लागतो. म्हणून लोक भोयांच्या मासे धरायच्या नावांत बसून आत जायला लागले. आणि ते सुख मीही घेतलं आहे, खोटं कशाला बोलू. वर आकाशात जे फुटतं तेच खाली पाण्यात फुटतं, आणि आपण दोन्हींच्या मधे बसलेलो असतो. पण एका वर्षी जळत्या पुठ्ठ्याचा तुकडा एका नावेत येऊन पडला. लहानसाच होता. नावेतली माणसं मात्र एकदम उभी राहिली, सगळी एकाच बाजूला सरकली आणि नाव उलटली. पाणी छातीइतकंच होतं म्हणून सगळे खोकत, देवीचा धावा करत काठाला लागले. दुसऱ्या दिवशी देवस्थानच्या पंचांनी ठरवून टाकलं की इथून पुढे दारूकामाला नावा बंद.

अक्काचे गुडघे तेव्हाच गेलेले होते. तिला माळ चढणं शक्य नव्हतं. वर्षभर शेत, गोठा आणि चूल ह्यांतून ती बाहेर पडत नसे, आणि वर्षातून एकदा नावेत बसून ते दारूकाम बघणं एवढीच तिची हौस होती. नवऱ्याकडे तिनं कधी काही मागितलेलं मला तरी माहीत नाही. नावा बंद झाल्याचं कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. ती म्हणाली, "बरं. म्या घरात बसून आवाज ऐकीन." साडूभाऊ जेवत होते. त्यांनी दोरी ओढून एक टोला दिला, हात धुतला आणि थेट देवळात गेले. मुख्य पंच म्हणजे गावातले आप्पा, देहानं आडवे आणि स्वभावानं मऊ. साडूभाऊ त्यांना म्हणाले की नावा चालू ठेवा, सगळा इंतजाम माझ्या जिम्मेदारीवर. आप्पांनी पुष्कळ वेळ पान चघळलं आणि अट घातली. "एका बी माणसाला लागलं, दाजी, तर नावा कायमच्या बंद. मंग माझ्याकडं येऊ नका." साडूभाऊंनी अट मान्य केली. घरी येऊन दोन टोले दिले आणि उरलेली भाकरी खाल्ली.

तेव्हापासून यात्रेचा दिवस म्हणजे देवीचा किती आणि साडूभाऊंचा किती, हे सांगणं कठीण झालं. दुपार कलली की ते खाकी सदरा घालून, हातात सूप घेऊन काठावर उभे राहतात आणि खळ्यावर उपणतात तसा तुरीचा भुसा वाऱ्यावर सोडतात. भुसा जिकडे उडेल तिकडे जळकं पडणार, म्हणून नावा त्याच्या उलट्या बाजूला. वारं फिरलं की नावा फिरल्या. पहिल्या वर्षी परगावच्या बायकांना हा काहीतरी नवस वाटला आणि त्यांनी साडूभाऊंना लांबूनच हात जोडले. पाण्यात नावांनी कुठे थांबायचं त्याची हद्द ठरलेली असते. चुना फासलेले गोडेतेलाचे रिकामे कॅन दोरीला बांधून ते पाण्यावर आडवे सोडतात. त्या पांढऱ्या रांगेपुढे कुणी जायचं नाही, तिथेच दोरीला बांधलेला दगड तळाला सोडून नाव उभी करायची. तसलेच दोन कॅन, झाकण घट्ट लावलेले, प्रत्येक माणसानं छातीवर आणि पाठीवर बांधायचे. यात्रेसाठी नेसलेल्या लुगड्यांवर हे ध्यान बांधायला बायका आधी तयार नव्हत्या. मग अक्कानं आपल्या इरकलीवर सगळ्यांच्या देखत कॅन बांधून घेतले आणि कुणाला बोलायला जागा राहिली नाही.

नावेत बसायला तिकीट लागतं. तिकीट फुकट असतं, पण त्याशिवाय नावेत पाऊल नाही, कारण तिकिटं संपली की नाव भरली. गावातल्या लग्नपत्रिका कापून ते तिकिटं करतात आणि चिमट्यानं त्याला भोक पाडून हातात देतात. त्यामुळे कुणाच्या वाट्याला अर्धा गणपती येतो, कुणाच्या वाट्याला नवरीच्या मामाचं गाव. मला एकदा नुसतं 'आहेर आणू नये' एवढंच आलं. ते देताना साडूभाऊ पुरुषांच्या तोंडाचा वास घेतात. एका वर्षी खुद्द आप्पांचे व्याही डुलत आले, तर त्यांना काठावरच्या दगडावर बसवून साडूभाऊंनी नम्रपणे सांगितलं की दोन दारू एका नावेत न्यायची परवानगी न्हाई. नायलॉनची साडी असेल तर मागच्या नावेत. प्रत्येक नावेत भिजवलेली पोती, ठिणगी पडली तर टाकायला. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे उभ्यानं प्रवास बंद. जन्मभर ज्यांनी माणसं उभ्यानं कोंबून नेली, ते पाण्यावर एकाला गुडघा सरळ करू देत नाहीत.

ह्या साऱ्यावर बेल. भोंग्यावर त्यांचा विश्वास नाही. भोंग्यावर दिवसभर हरवलेल्या चपला आणि देणगीदारांची नावं चाललेली असतात, तिकडे कोण लक्ष देतं, असं ते म्हणतात. घरची घंटी ते नावेवर बांधतात. डबल बेल झाली की नावा काठावरून निघतात, सिंगल झाली की थांबतात, आणि दारूकाम संपल्यावर पुन्हा डबल झाली की परत फिरतात. हे कुणाला शिकवावं लागलं नाही. एसटीनं ते आमच्या साऱ्या मुलखाला आधीच शिकवून ठेवलेलं होतं.

ह्या सगळ्यात साडूभाऊ स्वतः मधल्या नावेच्या टोकावर उभे असतात, तोंड माणसांकडे आणि पाठ दारूकामाकडे करून. पहिल्याच वर्षी एका वात्रट गड्यानं विचारलं की दाजी, उभ्यानं बंद म्हणता आणि तुमी कामून उभे? तेव्हा ते म्हणाले, "कंडक्टर प्रवाशात धरत न्हाईत." मला मात्र दुसरीच गोष्ट खटकायची. एवढा खटाटोप करून ह्या माणसानं एकही बाण वर जाताना पाहिलेला नव्हता. मी एकदा म्हटलं, साडूभाऊ, अधूनमधून मान तरी वळवत जा. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, कारण ते माणसं मोजत होते. "वर समदेच बघायलेत, सर," ते म्हणाले. "खाली बघायला कोणी पाहिजे का न्हाई?" काठाला उतरल्यावर अक्का दरवर्षी त्यांना मुद्दाम विचारायची, कसं झालं दारूकाम? आणि साडूभाऊ दरवर्षी तेच उत्तर द्यायचे, "बेस झालं. समदे आले."

अशी कितीतरी वर्षं सुखरूप गेली आणि मग गेल्या वर्षीची यात्रा आली. वारा पडलेला होता. भुसा सुपातून सरळ खाली पडत होता. सगळ्या नावा पांढऱ्या रांगेशी येऊन थांबल्या होत्या, अंधार नुकताच पडला होता, आणि टेकडीवर दारूवाल्यांचा टेंभा हलायला लागला होता. अक्का आणि मी साडूभाऊंच्याच नावेत होतो. सगळे इतके गप्प होते की काठावरच्या देवळातली चाहूलही पाण्यावरून ऐकू येत होती. नेमका तेव्हा चुडाव्याकडचा कुणी पाव्हणा उशिरानं दर्शनाला पोचला. देवळात शिरताना माणूस करतो तेच त्यानं केलं. हात वर करून देवीची घंटा वाजवली. दोनदा.

आमच्या दोन्ही बाजूंच्या नावांनी दगड वर घेतले आणि त्या निघाल्या. कुणी इकडे तिकडे बघितलं नाही, कुणी विचारलं नाही. डबल बेल झाली, म्हणजे पुढं चला. एका नावेतून एक म्हातारी कौतुकानं म्हणतानाही मी ऐकली, की दाजी यंदा जवळून दाखवायलेत वाटतं. पांढरी रांग ओलांडून नावा टेकडीकडे सरकू लागल्या आणि साडूभाऊंनी घंटीची दोरी ओढली. त्याच क्षणी पहिला गोळा सुटला. सिंगल बेल त्या आवाजात कुठल्या कुठे गेली. त्यांनी पुन्हा ओढली, पुन्हा धडाका झाला. वर उजेड पडला तशी पुढे गेलेल्या नावांतली माणसं मान वर करून उठायला लागली. उलटलेली नाव मी विसरलो नव्हतो, आणि इथे पाणी छातीइतकं नव्हतं.

साडूभाऊंनी दोरी सोडून दिली. दोन धडाक्यांच्या मधे जी जागा सापडली तिच्यात ते जन्मभराच्या कमावलेल्या आवाजात ओरडले, "चेकिंग आलंय! तिकिटं हातात काढा!"

मी आयुष्यात असं दृश्य पाहिलेलं नाही. उठलेली माणसं खाली बसली. कुणी कमरेची पिशवी चाचपू लागलं, कुणी पदराची गाठ सोडू लागलं, कुणी टोपीत बघू लागलं. नावाड्यांनी वल्ही वर घेतली, कारण चेकिंग आलं की गाडी थांबते. मीसुद्धा खिशात हात घातला, आणि माझी नाव तर जागची हललेलीही नव्हती. डोक्यावर आकाश फुटत होतं आणि सगळं गाव खाली मान घालून लग्नपत्रिकेचे तुकडे शोधत होतं. त्या निघालेल्या नावांपुढे, अजून थोड्या गेल्या असत्या तर त्या जिथे असत्या तिथे, जळके पुठ्ठे चर्रचर्र करत पाण्यात पडले. काही ठिणग्या पोत्यांवर पडल्या आणि विझल्या. साडूभाऊ एकेका नावेकडे हात करून त्यांना मागे घेत होते.

तेवढ्यात अक्का उभी राहिली. एक निखारा साडूभाऊंच्या खांद्यावर येऊन बसला होता आणि सगळं लक्ष नावांवर असल्यानं त्यांना तो दिसला नव्हता.

"ओ, सदरा पेटलाय तुमचा," अक्का म्हणाली.

"खाली बस आधी."

"आवो, पेटलाय म्हणायले ना मी!"

"बस म्हणलं ना. उभ्यानं बंद हाय."

अक्का बसली. बसल्या बसल्या तिनं पायाखालचं ओलं पोतं उचललं आणि रागानं त्यांच्या अंगावर फेकलं. पोत्याखालूनही ते "ती कडंची नाव मागं घ्या" असं सांगतच होते. सगळ्या नावा रांगेच्या मागे आल्या, उरलेलं दारूकाम लोकांनी बघितलं, डबल बेल झाली आणि सगळे काठाला उतरले. त्या वर्षी अक्कानं काही विचारलं नाही. घरी गेल्यावर मात्र खांद्याला कोरफड लावता लावता ती रडली, असं माझी बायको मला सांगत होती.

दुसऱ्या दिवशी साडूभाऊ आपल्या पायांनी पंचांसमोर गेले. मी बरोबर होतो. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. आप्पांना तर झालं गेलं विसरून जायचं होतं. ते म्हणाले की कोणाला काही झालं न्हाई, देवीची कृपा. साडूभाऊंनी सदऱ्याचं बटण काढून भाजलेला खांदा दाखवला. "अट काय होती, आप्पा? एका बी माणसाला लागलं तर नावा बंद. मला लागलंय." घंटेच्या आवाजाचा विचार आपल्या डोक्यात यायला हवा होता, देऊळ आपल्या डोळ्यांसमोर होतं, चूक आपलीच आहे, असं ते एकेक सांगत गेले. आप्पांनी आपलीच अट पाळायला जावं तर अक्काची नाव जाणार होती, आणि साडूभाऊंचं तोंड बघवत नव्हतं. असा सरळ माणूस स्वतःच्याच विरुद्ध उभा राहिला की त्याला आवरणं फार अवघड असतं.

एवढ्यात सभामंडपाच्या खांबाला धरून अक्का आली. दम खाऊन तिनं विचारलं, "आप्पा, गाडीत किती माणसं बसायची ते पाटीवर लिव्हलेलं राहतं. त्यात कंडक्टर धरतेत का?"

"न्हाई," आप्पा म्हणाले.

"मंग हे कशाला प्रवाशात घुसायलेत?"

मंडपात हसू फुटलं ते पुजाऱ्यापर्यंत गेलं. साडूभाऊंनी सदऱ्याचं बटण लावून घेतलं. नियम त्यांचाच होता. नावा चालू राहिल्या. पण अक्का तेवढ्यावर थांबली नाही. तिनं वर एक अट घातली, की पुढल्या साली ह्यांना तिकीट द्यायचं, माझ्या शेजारी बसवायचं, आणि बेल सर वाजवतील. सर म्हणजे मी. मला पोहता येत नाही हे मी सांगून बघितलं. साडूभाऊ म्हणाले की पवायला कोणी सांगितलंय, बघायचं हाय.

यंदा देवळाच्या घंटेचा लोलक साडूभाऊंनी पुजाऱ्याकडून फडक्यानं बांधून घेतला, देवीला आधी सांगून. दिवसभर त्यांनी माझ्या मागे उभं राहून माझ्या हातून भुसा उडवला, पोती भिजवली, वास घ्यायला लावले. मग स्वतःचं तिकीट घ्यायला ते रांगेत उभे राहिले. त्यांच्या वाट्याला आलेल्या तुकड्यावर 'सहकुटुंब' एवढा एकच शब्द होता. तो मी मुद्दाम कापला असं अक्का म्हणते. डबल बेल देऊन मी नावा नेल्या, सिंगल देऊन थांबवल्या, आणि छातीपाठीला कॅन बांधून नावेच्या टोकावर टेकडीकडे पाठ करून उभा राहिलो. समोरच फळीवर अक्काशेजारी साडूभाऊ बसले होते, हातात तिकीट घट्ट धरून.

पहिला गोळा फुटला. साडूभाऊ माझ्याकडेच बघत होते, माझं लक्ष आहे का ते. अक्कानं त्यांच्या हनुवटीला धरून त्यांचं तोंड वर केलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी तांबडं पडलं, मग हिरवं, मग नुसतंच लख्ख. तोंड उघडं राहिलं होतं. मग दोन गोळ्यांच्या मधे त्यांनी अक्काला विचारलं, "दरसाली असंच राहतंय व्हय?"

"असंच राहतं."

"मला वाटलं, नुसता आवाजच राहतोय."

अक्कानं त्यांचा हात धरला आणि सोडला नाही. मला तिथे त्या दोघांकडे बघत राहायचं होतं, पण बाकीच्या नावांतही माणसं होती. मी तोंड फिरवून ती मोजायला लागलो. एका कडेनं दुसऱ्या कडेपर्यंत गेलो की पुन्हा पहिल्यापासून. माझ्या मागे काय काय फुटलं ते मला ठाऊक नाही. लोकांच्या चेहऱ्यांवरून रंग तेवढे जाताना दिसले.

काठाला उतरलो तेव्हा माझी बायको वाट बघत उभी होती. तिनं विचारलं, कसं झालं दारूकाम? "चांगलं झालं," मी म्हणालो. "सगळे आले." बोलून गेल्यावर मला कळलं की मी काय बोललो. वळून बघायच्या आत माझ्या पाठीवर दोन थापा पडल्या. पूर्वीपेक्षा हलक्या होत्या. साडूभाऊंचं वय झालंय. मी अक्काच्या हातातली पिशवी घेतली आणि आम्ही घराकडे निघालो.